शेळ्यांच्या वंशावळीला कुलूप

सकाळी सोलापूर सोडलं तेव्हा पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. सास्तूरच्या महिला गटाला शेळ्यांच्या नोंदींचा प्रोग्रॅम मीच करून दिलेला. फोटो उघडण्यासाठी त्यात एक लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला आयता कोड) वापरली होती. तिच्यात आता खोट निघाली. कुणी मुद्दाम बिघडवलेला फोटो पाठवला, तर अख्खा कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात. आणि या गटाकडे तर गावोगावचे लोक शेळ्यांचे फोटो पाठवतात! फोनवर सांगून दुरुस्ती दोनदा फसली, म्हणून स्वतःच निघाले.

नळदुर्गला ट्रकच्या रांगेशेजारी ढाब्यावर गरम धपाटी आणि दही खाल्लं. जरा बरं वाटलं. लोहाऱ्याकडे वळल्यावर एका बैलगाडीमागे बराच वेळ रखडले, पण दोन्ही बाजूंची तूर बघत चिडायचं विसरले.

गटाच्या प्रमुख सरूकाकू दारातच उभ्या होत्या.

"आठ दिस झाले, एक फोटू उघडला न्हाय आमी. पर वंशावळ जाईल का वो ताई? कोन कुनाच्या पोटचं ते कळलं न्हाय, तर भाऊ-बहिनीचीच जोडी लागंल."

सात वर्षांची वंशावळ त्या एका कॉम्प्युटरात होती. आधी तिची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली, मग जुनी लायब्ररी काढून सुधारलेली बसवली. प्रोग्रॅम उघडेचना! माझाच जुना कोड नवीशी जुळत नव्हता. मी तो ओळीओळीने बदलायला बसले. काकूंनी चहा पुढे सरकवला आणि तोंडपाठ सुरू केलं, "रतनची पाट (तरुण शेळी) चंद्री, चंद्रीचा बोकड राजा..."

तासाभराने प्रोग्रॅम उघडला. काकू सांगत गेल्या, मी ताडून पाहत गेले. सगळं जागच्या जागी होतं.

उठले, तर समोरच्या भिंतीवर ऑइलपेंटने टपोऱ्या अक्षरांत पासवर्ड!

"काकू, हे काय?"

"मंग? म्याच लिवलाय. मी गावाला गेले तर बायकांनी अडून बसायचं व्हय?"

मी कपाळाला हात लावला. कुठल्या कुठल्या दूरच्या चोराची वाट बुजवायला आले होते मी! समजावल्यावर काकूंनी लगेच भिंतीवर चुना फासला. नवा पासवर्ड त्यांनी आणि सुनेने ठरवावा, तिसऱ्या कुणाला सांगू नये, असं बजावून मी निघाले.

सोलापूरला परतल्यावर एक किरकोळ तपासणी राहिलेली आठवली. इथूनच करावी म्हणून फोन लावला.

"काकू, नवा पासवर्ड काय ठेवलात?"

काकू म्हणाल्या, "ताई, तिसऱ्याला सांगू नका, हे तुमीच बजावलं की. मंग तुमाला कसा सांगू?"

फोन ठेवून मी हसत सुटले. इतकी वर्षं दुरुस्त्या करतेय, पण इतकं निर्धास्त कधी वाटलं नव्हतं. राहिलेल्या तपासणीसाठी आता पुन्हा सास्तूरला जायला हवं.