ठमाआत्याचा बारका देव

ठमाआत्याला शिवी घातल्याशिवाय आशीर्वाद देता येत नसे. मी बी.फार्म. झाले, आमच्या घराण्यातली पहिली पदवी. तर माझ्या तोंडात पेढा कोंबत म्हणाली, "भवाने, आता कोनाला चुकीची गोली देऊन मारू नको."

आत्या धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात धवले गाऊन एकेका देवाला मांडवात बोलावते ती बाई. पनवेलच्या आसपास आपल्या गळ्याशिवाय हळद चढत नाही, असं ती सांगायची. ते खोडून काढायची कुणाची छाती नव्हती.

मग तिच्या स्तनात गाठ निघाली. पहिल्या केमोने केस गेले, त्याचं तिला काही नव्हतं. पण तोंड आतून सोलून निघालं, आणि इकडे माझं लग्न ठरलेलं.

"ह्या औषध नाय, बिनबोलावलेला वऱ्हाड हाय," ती चरफडली. "जल्ला दिसंल त्या मांडवान जेवाला बसतंय. मना नको. मरंन, पन गाऊन मरंन."

डॉक्टरांनी दुसरं औषध सुचवलं, नॅनोकणांतलं. समजावायचं काम अर्थातच पदवीकडे आलं.

"आत्या, औषध डोळ्यांना दिसणार नाहीत एवढ्या बारक्या कणांत भरतात. वाटेत कमी सांडतं, गाठीपाशी जास्त पोचतं."

"सगला तिथंच जातंय?"

"सगळं नाही. थोडं इकडेतिकडे जातंच."

"म्हंजे दोघं-चौघं ताडी प्यायाला थांबतान. चालंल." आणि तिने हात पुढे केला.

सलाईन लागलं की बाटलीकडे बघून ओरडायची, "सरल जा रे! गल्याकडं वलू नको, माज्या भाचीचा लगीन हाय!" नर्स आधी दटावायची. पुढे तीच विचारू लागली, "निघालं का वऱ्हाड, मावशी?"

माझ्या लग्नात आत्या उभी राहिली. टकलावर पदर, गळा शाबूत. गणपती, गावदेवी, कुळदैवत सगळे बोलावून झाले आणि शेवटी तिने सूर लावला, "येवा येवा नॅनोदेवा, लगनाला येवा." भटजींच्या भुवया चढल्या.

"त्याच्या पायी मी हितं उभी हाय," आत्या खेकसली. "त्याला काय मांडवाच्या भायेर ठेवू?"

पुढे गाठ परत आली. त्या खेपेला कुठलंच वऱ्हाड पोचलं नाही. आत्या गेली.

आता तिची सून धवले गाते, सासूने शिकवले तसेच, एक शब्द न गाळता. परवा ओवे गावातल्या एका लग्नात एका म्हातारीने मला गाठलं. "बाय, तू शिकलेली. ह्या नॅनोदेवाचा देऊल कुठं हाय?"

मी म्हटलं, "देऊल नाय, आजी. लय बारका हाय तो."