अंबाडीनं उजळलेला गंज

आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. आईचा जर्मनचा गंज, म्हणजे भात-भाजीचं उभट पातेलं, रोज पाणी उकळून आतून काळा पडायचा. घासत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती सरळ त्यात अंबाडीची भाजी टाकायची, कण्या घालून. भाजी काढली की गंज आतून लख्ख. “पाय, कसा चांदीवानी निंगाला,” म्हणत मला दाखवायची. गावातल्या सगळ्याच बायका असं करत आणि कुणाला त्यात काही खटकत नसे. मलाही नाही.

बाबा गेल्यावर ती गोंदियाजवळ कुडव्याला माझ्याकडे राहायला आली, गंज घेऊनच. पुढे ती विसरू लागली. भाजीत मीठ कधी दोनदा, कधी मुळीच नाही. त्याच सुमारास पेपरात वाचलं, की आंबट पदार्थात या भांड्यांचा धातू उतरतो आणि मेंदूवर त्याचा परिणाम होत असावा अशी काहींना शंका आहे. मी पेपर खाली ठेवला. गंजाचा तो काळेपणा इतकी वर्षं जात कुठे होता? आमच्याच ताटात. मला भीती वाटली, आईसाठी, आणि खरं सांगायचं तर स्वतःसाठीही. तीच भाजी खाऊन मी वाढले होते.

गोंदियाच्या डॉक्टरांना विचारलं. “बर्तन की वजह से हुआ, ऐसा कोई नहीं कह सकता,” ते म्हणाले. “खट्टा उसमें मत पकाओ, बस.” मला कुणावर तरी खापर फोडायचं होतं, तेही जमलं नाही.

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आणलं. आई भडकली. “कायले आनला? माजा गंज फुटला का?” माझी पहिली भाजी बुडाला लागली तेव्हा मात्र तिचा चेहरा काय खुलला! हळूहळू मला आच कळली. तोवर तिनं चुलीकडे येणं सोडलं होतं.

एका दुपारी तिला भात आणि अंबाडी वाढली, वर लसणाची फोडणी. तिनं ताट बोटानं पुसून खाल्लं. मग परक्या घरी जेवल्यावर बोलावं तसं अदबीनं म्हणाली, “बाई, भाजी चांगली रांधली तुमी. माज्या पोरीले सांगून सांगून थकली मी, तिले काई जमत नाई.”

“जमेल तिला,” मी म्हटलं आणि अजून थोडी वाढली.