पडवी वगळलेली अंगणवाडी

पूर्णगडच्या अलीकडच्या एका वाडीत गोदा गेली एकोणीस वर्षे अंगणवाडी चालवते. जुन्या खोलीला जांभ्याच्या जाड भिंती, वर कौले आणि पश्चिमेला खाली उतरलेली पडवी होती. जेवणानंतर मुले तासभर निवांत झोपत. तीन वर्षांपूर्वी गावच्या मुंबईकर मंडळाने त्याच जागी नवी इमारत बांधून दिली. पातळ भिंती, पत्र्याचे छप्पर आणि रस्त्याकडे, म्हणजे पश्चिमेला, रुंद काचा. पडवी वगळली, कारण खिडक्यांच्या वर सिमेंटच्या उठावदार अक्षरांत घातलेले मंडळाचे नाव तिने झाकले असते.

एप्रिलमध्ये दुपारी दोनला बाहेर सावलीत चौतीस अंश असत, आत सदतीस. गोदा दोन्ही आकडे रोज वहीत लिही. घामोळ्यांनी रडणारी मुले आया साडेअकरालाच घेऊन जात. सव्वीसपैकी नऊ उरली. हजेरी अशीच घसरली तर अंगणवाडी शेजारच्या वाडीत विलीन होईल, असे पर्यवेक्षिकेने स्पष्ट सांगितले होते.

मंडळाचे सचिव राकेश यांना तिने फोनवर वही वाचून दाखवली.

"वैनी, अजून दोन पंखे पाठवतो."

"पत्र्याखालची गरम हवाच फिरवतात ते, भावजी. ऊन काचेवर पडायच्या आधी अडवायला हवं. पडवी द्या."

"मग नाव झाकणार ना ओ!"

"पडवीच्या कडेला नवा बोर्ड लावा."

"देणगीदार ऐकायचे नाय. बैठकीत ठेवतो विषय."

पंखे आले. वीज जास्त जळली, उष्मा तसाच राहिला.

शेवटी गोदाने आणि मदतनीस नम्रताने नारळाच्या झावळ्यांची झापं विणली आणि बांबूंवर उतरती बांधून पश्चिमेची बाजू झाकली. चौथ्या दिवशी आत तेहतीस अंश होते आणि चौदा मुले झोपली होती. त्याच दुपारी कुणीतरी झापांचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि लगेच राकेश यांचा फोन आला.

"वैनी, अंगणवाडी हाय की गोठा? आजच काढा ते!"

"गुरं तरी दुपारची सावलीत बसतात," गोदा आवाज न चढवता म्हणाली. "मी नाय काढणार. तुम्ही या नि काढा. पण दुपारी दोनला या, मुलांच्या आयांसमोर."

"पावसात कुजेल ते. तेव्हा काय?"

"तेव्हा पुन्हा पडवीच मागेन."

विषय बैठकीत ठेवतो, असे ते म्हणाले. हे उत्तर तिला त्या महिन्यात दुसऱ्यांदा मिळत होते. फोन ठेवून तिने नम्रताला आणखी झावळ्या आणायला सांगितल्या. दक्षिणेची खिडकी अजून झापांशिवाय उघडीच होती.