मुर्ध्याच्या शेवंतीताईंशी हळू बोला

माझी धाकटी जाऊ शुभदा भाईंदर पूर्वेला घरघंट्या विकणाऱ्या एका कंपनीत फोनवर बसते. पीठ दळायचं मशीन बंद पडलं, जाळी फाटली, की लोक तिला फोन करतात. खरं तर मशीनसाठी कमी, बोलायला जास्त. ही ऐकते. घरी आपण काही सांगत असलो तरी मध्येच हिच्या तोंडून निघतं, "हो, बोला ना, ऐकतेय." आमचे हे चिडवतात, "शुभदा, कंप्लेंट नंबरपण देऊन टाक."

तिची एक सवय होती. फोन वाजला की कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकाचं नाव दिसायचं, फक्त नाव. मग माणूस पटकन आठवावा म्हणून ती त्या नावालाच गावाचं आणि खुणेचं शेपूट जोडून ठेवायची. 'गोपीनाथ काका वरसावे कानाने कमी'. 'रुचिता तारोडी फार बोलते'. 'शांताबाई भांडल्या तर हो म्हणा'. आणि एक, 'शेवंतीताई मुर्धा मुलगा गेला हळू बोला'.

शेवंतीताईंची घरघंटी आधी प्रणितच्या, त्यांच्या मुलाच्या नावावर होती. आईला डोक्यावरून दळण न्यायला लागू नये म्हणून त्याने ती घेतली होती. यंदा चैत्रात तो अचानक गेला. शुभदाने सर्व्हिसच्या आठवणीचा फोन केला आणि उचलला त्याच्या आईने. मग कॉम्प्युटरवर तिने त्याचं नाव काढून आईचं घातलं. त्या दिवशी घरी आल्यावर ती माझ्या देवापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, आज त्याच्या नावाने एक उदबत्ती लावा." मी लावली. शेवंतीताईंना तोवर आम्ही दोघींनीही पाहिलेलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास मालकांनी, जितेंद्रशेठनी, नवीन काम काढलं. गिऱ्हाइकांचं सॉफ्टवेअर एकीकडे, बिलाचं दुसरीकडे, गोडाऊनमधल्या पार्ट्सचं तिसरीकडे आणि मेकॅनिक लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप चौथीकडे. एका घरात चार जावा आणि एकमेकींशी बोलणं नाही, अशी गत. नीरज नावाचा इंजिनियर त्यांना जोडून द्यायला आला. चांगला माणूस. त्याने विचारलं, "मॅडम, नावं चेक केलीत ना?"

"हो, सगळी बरोबर आहेत," शुभदा म्हणाली. ती खोटं बोलली नाही. तिच्या हिशेबी बरोबरच होती.

नीरजने आधी नव्या गिऱ्हाइकांवर करून पाहिलं. त्यांच्या नावांना अजून शेपट्या फुटल्या नव्हत्या. सगळं झकास चाललं. मग दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी चारही जावा बोलत्या झाल्या, आणि घरातलं बाहेर गेलं. प्रत्येक गिऱ्हाइकाला मेसेज: 'प्रिय', पुढे सॉफ्टवेअरमधलं नाव शेपटीसकट, आणि त्यापुढे 'भाजणी दळण्याआधी घरघंटीची सर्व्हिस करून घ्या. आपली दिवाळी आनंदाची जावो.'

फोन खणखणायला लागले. गोपीनाथ काका ओरडून हसत होते. "कानाने कमी खरंय गं पोरी, पण डोळ्यांनी मला चांगलं दिसतं!" आपण फार बोलत नाही हे पटवायला रुचिता कितीतरी वेळ बोलली. शांताबाई भांडल्या, आणि शुभदा हो म्हणाली. जितेंद्रशेठनी कपाळाला हात लावला. "शुभदाबेन, आपने तो सबकी जनमकुंडली छाप दी!"

मुर्ध्याहून मात्र फोन आला नाही. शुभदाने लावला तर कुणी उचलला नाही. संध्याकाळपर्यंत लावत राहिली.

रात्री ती जेवायला बसली आणि भात चिवडत राहिली. "बाकीचे भांडले ते बरं झालं, ताई. भांडलं की मिटतं. त्या बोलल्याच नाहीत. त्या घरात यंदा कढई चढायची नाही, आणि मी लिहिलं, भाजणी दळा."

"तू नाही लिहिलंस. मशीनने लिहिलं."

"'मुलगा गेला' मीच लिहिलंय ना?"

दुसऱ्या दिवशी रविवार. मी चकल्या आणि रव्याचे लाडू केले, देवाला नैवेद्य दाखवला आणि डबा भरला. ज्या घरात माणूस गेलं तिथे पहिल्या दिवाळीला फराळ करत नाहीत, दुसऱ्यांनी नेऊन द्यायचा असतो.

"तो सोयऱ्यांनी न्यायचा, ताई," शुभदा म्हणाली. "आपण कोण त्यांचे?"

"दळणाचे सोयरे. चल, चप्पल घाल."

उत्तनच्या बसने आम्ही मुर्ध्याला उतरलो आणि विचारत विचारत घर काढलं. शेवंतीताई ओटीवर बसल्या होत्या. आत कोपऱ्यात घरघंटी, तिच्यावर जुनं लुगडं टाकलेलं. त्यांची मुलगी संचिता पाणी घेऊन आली. शुभदाने नाव सांगितलं तेव्हा म्हातारीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"फोनवाली?"

"हो. माझी चूक झाली, ताई. ते तुमच्यापर्यंत यायला नको होतं. माझ्यापुरतंच लिहून ठेवलं होतं."

"'हलू बोला', तू लिवलंस?"

"हो."

"मना वाटायचं, तुझा आवाजच तसा हाय."

शुभदाने मान खाली घातली. म्हातारी म्हणाली, "आनंदाची दिवाली कशाला लिवलीस? त्याचा राग आला मना. म्हनून फोन घेतला न्हाय."

"बरोबर आहे तुमचं."

"बरोबर हाय तं रडतेस कशाला? पानी पी." त्यांनीच तांब्या पुढे सरकवला. "घरात त्याचं नाव कोन काडीत न्हाय. ही पोर काडीत न्हाय, मना रडू येल म्हनून. मी काडीत न्हाय, तिला येल म्हनून. काल हिनं ते वाचलं, 'मुलगा गेला', नि बसलो दोघी रडत. चांगल्या रडलो बग."

संचिता दाराकडे तोंड करून उभी राहिली. मी डबा पुढे केला. शेवंतीताईंनी तो कपाळाला लावून बाजूला ठेवला.

"त्याचं नाव का काडलंस?" त्यांनी एकदम विचारलं. "मिशीन त्याची हाय. माझ्यासाठी आनली, पन त्याची हाय."

"परत घालते."

"घाल. नि ते हलू बोला, ते ऱ्हाऊ दे."

सोमवारी नीरज सगळ्या शेपट्या एका झटक्यात उडवायच्या तयारीत होता. शुभदाने त्याला थांबवलं. "मी एकेक बघून काढते. त्यात माणसं आहेत." नीरज म्हणाला, "चूक माझीपण आहे, मॅडम. जुनी नावं उघडून बघायला हवी होती." त्याने तिला टिपेसाठी वेगळा रकाना करून दिला. त्यातलं गिऱ्हाइकाला जाणार नाही, घरी जाणाऱ्या मेकॅनिकच्या मोबाइलवर तेवढं दिसेल. मुर्ध्याच्या घराला सणाचे मेसेज बंद केले. नावाच्या जागी शुभदाने पुन्हा 'प्रणित' लिहिलं आणि टिपेत, 'आईशी हळू बोला'.

कंपनीचा जुना मेकॅनिक नाथा. त्याचा आवाज असा की तो शेजारच्या गाळ्यात बोलला तरी शुभदाला फोन खाली ठेवावा लागतो. देवदिवाळी झाल्यावर मुर्ध्याहून फोन आला, मशीन सुरू करायचीय. नेमका नाथाच त्या बाजूला होता. शुभदाने देवाचं नाव घेतलं आणि त्यालाच पाठवला.

संध्याकाळी ती घरी आल्याआल्या शेवंतीताईंचा फोन आला. तिने स्पीकर लावला.

"शुभदा, तुमचा मानूस आलता गं. मिशीन चालू झाली. पन त्याला बरं न्हाय काय? आवाजच निघत नव्हता त्याचा. आल्याचा चहा पाजून धाडला मी."

शुभदाने पदर तोंडावर धरला, हसू आवरायला की कशाला, मला कळलं नाही. मग म्हणाली, "हो, बोला ना, ऐकतेय."