ब्रॅमलोड नदीपलीकडे गेलं

हंटिंगडनशायर हा परगणा सरकारने मोडीत काढून केंब्रिजशायरला जोडला तेव्हा मॉरीन टेबट नुकतीच शाळेतून बाहेर पडली होती. त्या सकाळी तिच्या वडिलांनी केंब्रिजशायरच्या नावाने एक सणसणीत शिवी हासडली आणि ते बीट पेरायला निघून गेले. मॉरीनने मात्र पत्त्याखाली हंटिंगडनशायर लिहायचं काही सोडलं नाही. पोस्टमनही बिचारा काही म्हणत नाही.

परगणा गेला तो गेला. मतदारसंघाच्या हद्दी दर काही वर्षांनी हलायच्या ते वेगळंच. कधी दलदलीकडची चार खेडी काढून घेतली, कधी नावाच्या मागे ‘वायव्य’ चिकटवलं. पण मॉरीनचं ब्रॅमलोड गाव मार्कस्टो शहराच्या मतदारसंघातून कधी सुटलं नव्हतं. आणि मॉरीनचा जन्म गेला तो मार्कस्टोच्या पक्ष कार्यालयासाठी उंबरठे झिजवण्यात.

तिच्या पक्षाला ब्रॅमलोडने कधी भीक घातली नाही. गाव विरोधकांचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं. तरी ही बाई पावसापाण्यात पत्रकं टाकत फिरायची, कुत्र्यांच्या तोंडातून बोटं वाचवायची, लोकांनी दार आपटलं तर पुढच्या आठवड्यात तेच दार पुन्हा वाजवायची. मतदानाच्या दिवशी तिच्या बैठकीच्या खोलीचं पक्षाचं ठाणं व्हायचं. सॉसेज रोलची परातभर रास आणि दिवसभर उकळणारी किटली. दुपारी ती छातीवर बिल्ला लावून गावच्या हॉलमधल्या मतदान केंद्राबाहेर बसायची, येणाऱ्या मतदाराला यादीतला क्रमांक विचारून कोण मत देऊन गेलं ते टिपायला. शेजारच्या खुर्चीवर विरोधी पक्षाचा डग हेम त्याच कामाला. दोघं एकाच थर्मासमधला चहा प्यायची आणि एकमेकांच्या उमेदवारांची मनसोक्त टिंगल करायची. अशी हळूहळू, नेटाने तिने गावातली मतं वाढवत नेली होती. गेल्या खेपेला तर डगसुद्धा म्हणाला होता, “मॉरीन, आता मला तुझी भीती वाटायला लागलीय.”

अशात हद्दी नव्याने आखायचं निघालं. हद्दी ठरवणाऱ्या आयोगाच्या पहिल्या नकाशात ब्रॅमलोड जिथल्या तिथे होतं. पण कुणाची हरकत असेल तर सुनावणीत बोला, असंही होतं, आणि गाव नदीपलीकडच्या एल्म्सवर्थला जोडायचा घाट कुणीतरी घालत असल्याची कुजबूज होती. मॉरीनने लगेच बोलायला नाव दिलं. गाव मार्कस्टोतच राहिलं पाहिजे. तिथून ते सुटलं तर आजवरची सगळी पायपीट मातीमोल होणार होती.

तिचा नवरा केन त्याच हिवाळ्यात गेला. दुखवट्याला सगळे एकेकदा येऊन गेले. पुन्हा पुन्हा आला तो एकटा ग्रॅहम पापवर्थ, मार्कस्टोच्या कार्यालयात निवडणुकांची व्यवस्था पाहणारा पक्षाचा पगारी माणूस. स्वयंपाकघरात बसायचा, केक खायचा, मायेने चौकशी करायचा.

“डॉक्टर कुठला गं तुझा आता, मो?”

“एल्म्सवर्थचा. इथला दवाखाना बंद नाही का झाला!”

“आणि बाजार?”

“तोही तिकडेच. बस तिकडेच जाते ना रे. मार्कस्टोची बस आठवड्यातून एकदा, तीही तिच्या लहरीवर.”

“मग मार्कस्टोला तुझं येणंच होत नसेल.”

“तुमच्या मीटिंगा सोडल्या तर कशाला येऊ तिथे? खड्डे बघायला?” ती हसली. केन गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, म्हणून तिने त्याला केकचा आणखी एक तुकडा वाढला.

सुनावणी मार्कस्टोच्या एका हॉटेलात होती. मॉरीनच्या आधी ग्रॅहमचं नाव पुकारलं. तो आपल्याच बाजूने बोलणार म्हणून ती निवांत टेकून बसली.

“आमच्या पक्षाची सूचना अशी आहे,” ग्रॅहम म्हणाला, “की ब्रॅमलोड हे गाव एल्म्सवर्थला जोडावं. गावाचे व्यवहार नदीपलीकडे आहेत. डॉक्टर तिकडे, बाजार तिकडे, बस तिकडे. मार्कस्टोशी गावाचा रोजचा संबंध उरलेला नाही. गावातल्या जाणत्या रहिवाशांनीच मला हे सांगितलंय.”

मॉरीनला सगळं एकदम कळलं. ब्रॅमलोड गेलं की विरोधकांची मतं जाणार आणि मार्कस्टोची जागा पक्षाच्या खिशात पडणार. ती ज्या मतांसाठी झिजली, ती ग्रॅहमच्या लेखी केरकचरा होती. आणि झाडू तिनेच त्याच्या हातात दिला होता, केकसकट.

तिचं नाव पुकारलं. घरून घोकून आणलेलं भाषण तोंडातच राहिलं. सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी समजुतीने विचारलं, “मिसेस टेबट, मिस्टर पापवर्थ म्हणाले त्यात काही चुकीचं आहे का?”

खोटं बोलता आलं असतं. ग्रॅहम तिच्याकडे बघत होता, डोळ्यांत जराही लाज नाही.

“नाही,” मॉरीन म्हणाली. “सगळं खरं आहे. मीच सांगितलं त्याला.”

बाहेर आल्यावर ग्रॅहमने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नकोस, मो. आकड्यांचा खेळ आहे. तुला नाही कळणार तर कुणाला?”

“हात काढ,” ती म्हणाली. केसाने गळा कापणारा माणूस वर समजूतदारपणाही मागतो, याचाच तिला जास्त संताप आला.

नवा नकाशा लागू झाला आणि ब्रॅमलोड एल्म्सवर्थच्या मतदारसंघात गेलं. पुढच्या निवडणुकीला सकाळीच ग्रॅहमचा फोन आला. “मो, मार्कस्टोत माणसं कमी पडतायत. येतेस का?”

“आणि ब्रॅमलोडला कोण आहे आपलं?”

“ब्रॅमलोडला? तिथे कोण कशाला बसेल?”

तिने फोन ठेवला. बिल्ला न लावताच ती हॉलवर गेली. आत दोरीला बांधलेली पेन्सिल हातात धरून बराच वेळ उभी राहिली. मग कुठेच फुली न मारता तिने मतपत्रिका घडी करून पेटीत टाकली. आयुष्यात पहिल्यांदाच.

बाहेर डगने शेजारची खुर्ची पुढे केली. ती बसली, त्याने चहा ओतला. तेवढ्यात रॉय मेहू मत देऊन बाहेर आला. गावातला सगळ्यात हेकट शेतकरी. इतक्या वर्षांत त्याने मॉरीनला फाटकाच्या आत पाऊल टाकू दिलं नव्हतं. तो तिच्यासमोर थांबला आणि टोपी हातात घेऊन चाचरत म्हणाला,

“मॉरीन, सुनावणीचं ऐकलं मी. तुझेच लोक तुझ्याशी वागले ते काही बरं नाही. म्हटलं, आज तरी हिचं मन राखावं. तुझ्या पक्षालाच देऊन आलो. या गावातलं एक तरी मत तुझ्या नावावर.”

डगने खाली बघितलं. मॉरीनने रॉयचा हात दोन्ही हातांत घेतला. आभाराचे शब्द कसेबसे निघाले, पण मान काही वर करवेना.