दौलत काकाजीची जीप

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही. बायकोले नाही. गोंदियाले दिलेली बहीण आहे, तिले तर मुळीच नाही, आन खरं म्हणजे तिच्यापासूनच जास्त लपवलं. तुमाले काहून सांगून राह्यलो, तेही मले धड माहीत नाही. तुमी मले ओळखत नाही, एवढंच असन कदाचित. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडलं की भलतंच काही बाहेर पडते.

सुरुवात कुठून करू? दातापासून करतो. मी दात बनवतो. डॉक्टर नाही मी. डॉक्टरकडून तोंडाचं माप येते, आन मी मांगच्या खोलीत बसून कवळी तयार करतो. बालाघाटचे कितीक म्हातारे माह्या हातच्या दातानं जेवतेत, आन माहं नावही त्याइले माहीत नाही. त्याचं मले कधी काही वाटलं नाही. (वाटलं का? पाहा, इथंच गोंधळ सुरू होते माहा.)

आन रिकाम्या वेळात मी गाड्या बनवतो. हसू नका. वीतभर लांबीच्या गाड्या. डब्यात प्लास्टिकचे सुटे भाग येतेत, ते जोडाचे, घासाचे, रंगवाचे. पण खरा नाद त्याच्या पुढचा आहे. डब्यातली गाडी सगळ्याइची सारखीच. तिले आपली कराची, तर वेगळी चाकं पाहिजे, वेगळा बोनट पाहिजे, बारके आरसे, इंजिन. हे भाग रेझिनचे मिळतेत. कोणीतरी कुठंतरी बसून हातानं एक मूळ नमुना घडवते, त्याच्यावर सिलिकॉन दाबून साचा काढते, आन साच्यात रेझिन ओतून पाहिजे तितके भाग पाडते. ओततानी पाकासारखं, थोड्या वेळानं पाहाल तर दगड. म्हणजे आमच्याच धंद्यातलं काम झालं न! दात काय आन मडगार्ड काय. बायको म्हणते, लोकाइचे दात राह्यले बाजूले आन तुमी खेळणे घेऊन बसले. तिचंही खरंच आहे.

पण मी भटकून राह्यलो. मुद्दा दौलत काकाजीचा आहे.

काकाजी सख्खे नाही. भरवेलीच्या खाणीच्या कॉलनीत त्याइचं आन आमचं क्वार्टर भिंतीले भिंत लागून होतं, आन पुढं बालाघाटातही दोन्ही घरं एकाच गल्लीत आली. मले त्याइनं कडेवर खेळवलं आहे. ते खाणीच्या दवाखान्याची जीप चालवत. साधी जीप, पण मांगं पत्र्याचं मोठं खोकं बसवलं होतं, पेशंट निजवाले. ते खोकं खाणीच्या वर्कशॉपातच ठोकून-ठाकून केलेलं; तसं दुसरं दुनियेत नाही. आन त्या जीपमध्ये सात लेकरं जन्मले. बालाघाटच्या दवाखान्यापर्यंत पोचलेच नाही. त्यातली एक माही बहीण, संगीता. रेल्वेचं फाटक बंद होतं, आन पोट्टी काही फाटक उघडाची वाट पाहाले तयार नव्हती! काकाजीनं हॉर्न दाबून धरला, फाटकवाल्याले चार शिव्या घातल्या, तेवढ्यात मांगून रडण्याचा आवाज आला. ही गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा सांगून झाली की संगीता म्हणते, मले तो हॉर्न आठवते.

ते जीप कधीचीच भंगारात गेली. काकाजी रिटायर झाले. एक दिवस माह्या लॅबात येऊन बसले, फळीवरच्या गाड्या पाहिल्या, एकेक हातात घेऊन उलटीपालटी केली. "माही जीप होईल का गा अशी?" म्हणे. मी म्हटलं, जीपचा डबा तर मिळते, पण मांगचं खोकं कुठून आणाचं, ते कोणी बनवतच नाही. "मी आहो न," म्हणे.

दसऱ्याले बसले ते भीमजयंतीच्या तोंडावर उठले. प्लास्टिकचा पातळ पत्रा कापला, गाड्यांचे डेंट भरतेत ते पुट्टी भरली, घासली, परत भरली. बाजूच्या जाळ्या केल्या, रिवेट केले, वरचा क्रॉस केला. मांगच्या दाराची कडी तुटली होती आन काकाजीनं तिथं तारेचा आकडा लावला होता. तोही केला, सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक धागा काढून. सत्तरीचा माणूस, जाड भिंगाचा चष्मा! मी बाहेरून कितीक भाग मागवले आहेत, पण असं काम कुठं पाहिलं नाही. हे मी तेव्हाही जाणत होतो.

ठरलं असं की मी साचा काढाचा आन सात खोके पाडाचे. सात जिपा, त्या सात लेकराइले एकेक. आता तेही बालबच्चेवाले झाले. कोणी उकव्याले, कोणी बैहरले, एक जण नागपूरले. काकाजीनं कागदावर सात नावं लिहून आणली, आन नावासमोर जन्माची जागा. आंब्याखाली. नाक्यावर. पुलाच्या अलीकडं. संगीतासमोर लिहिलं होतं, फाटक. तिले फोन करून सांगूनही टाकलं म्हाताऱ्यानं, तुही जीप येऊन राह्यली म्हणून.

इथपर्यंत मी सरळ येतो. पुढं दरवेळी अटकतो.

मोबाइलवर आमचा एक ग्रुप आहे, गाड्या बनवणाऱ्याइचा. कुठले कुठले लोक आहेत. मी वर्षानुवर्षं तिथं फोटो टाकतो. चार जण अंगठा दाखवतेत, एखादा 'बढिया' म्हणते, झालं. काकाजीच्या खोक्याचा फोटो टाकला, आन बापरे! "किसका हाथ है भाई?" "उस्ताद के दर्शन तो कराओ." दिवसभर फोन वाजून राह्यला. मी लिहिलं, हमारे एक काकाजी हैं. खुशीतच लिहिलं असन. का चडफडत लिहिलं? आता आठवाले गेलो तर दोन्ही आठवते. जळलो का मी? ज्यानं कडेवर खेळवलं त्या म्हाताऱ्यावर? कोणी विचारलं तर मी छातीठोक नाही म्हणीन. पण विचारते कोण? मीच.

तो रविवार होता, दुपारची वेळ, लॅब बंद. काकाजीनं खोकं सकाळीच आणून देलं होतं, रुमालात गुंडाळून. माहं बोट कापलं होतं म्हणून मी रबराचे हातमोजे घातले. आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो, सोपी आहे. ज्या सिलिकॉनाचा मी साचा घेत होतो, त्याचे दोन लगदे असतेत, ते कणकेसारखे मळून एक कराचे. आन मळतानी रबराचे हातमोजे चालत नाही. रबरातलं काहीतरी त्याले लागते, आन मग ते जमत नाही, आंबलेल्या पिठासारखं चिकटच राहते. आमच्यात हे पहिल्या दिवशी शिकवतेत. मी दुसऱ्याइले शिकवलं आहे!

मळता मळता मले आठवलं.

हेच ते. नंतर नाही आठवलं. लगदा हातात असतानी आठवलं. अबे, हातमोजे! असं मनात चक्क आलं. फेकून द्याचा होता, हात धुवाचे होते, नवा घ्याचा होता. डबा समोर भरलेला होता. आन मी तो लगदा काकाजीच्या खोक्यावर दाबला.

काहून?

घाई होती? नव्हती. वाटलं की चालून जाईल? असन. वाटलं की बिघडलं तर बिघडो? तेही असन. किती वेळा त्या दुपारी परत जाऊन पाहिलं, काही हाती लागत नाही. माहे हात आठवतेत, अंगठे आठवतेत, मन आठवत नाही. मले तर कधी वाटते, आठवलंच नव्हतं, मीच नंतर जोडलं. मग वाटते, नाही, आठवलं होतं. आठवलं होतं.

व्हाचं तेच झालं. साचा काढाले गेलो तर आत सगळा चिकटा. जाळ्यांमध्ये, रिवेटच्या भवताली, आकड्यात. मी घाबरलो. ब्रश घेतला, थिनर घेतलं, घासाले लागलो. थिनरनं प्लास्टिक विरघळते हेही मले माहीत आहे, का नाही? भैताडासारखा घासत राह्यलो. जाळ्या गेल्या, रिवेट गेले, आकडा तर ब्रशाच्या केसात अटकून आला.

संध्याकाळी काकाजी आले. तोवर मी काही ठरवलं नव्हतं, हे तरी खरं मानाल का? तोंड उघडलं आन निघालं, "काकाजी, पुट्टी कच्ची होती तुमची. सिलिकॉन जमलंच नाही तिच्यावर."

वाटलं होतं, भांडतील. खाणीत त्याइच्या आवाजाले लोक भेत. त्याइनं खोकं हातात घेतलं, चष्मा काढून बनियनाले पुसला, परत पाहिलं. "सुकली असं वाटलं होतं गा मले," म्हणे. "दिसत नाही न आता पहिल्यासारखं." आन जाताजाता, हे ऐका, मलेच म्हणाले, "तुह्या सिलिकॉनाचा खराबा झाला माह्यापायी." खोकं टाकून दे म्हणाले. मी टाकलं नाही.

त्या दिवसापासून काकाजीनं हातात काही धरलं नाही. आधी गल्लीतला पंखा बिघडो, विहारातला माइक बिघडो, काकाजीले हाक. आता म्हणतेत, हात गेले माहे, दुसऱ्याले बोलवा. हात काही गेले नव्हते. पण म्हणता म्हणता माणूस तसाच होते काय? चहाचा कप दोन हातानं धरतेत आता. कानस, पट्टी, बारकी सुरी, सगळी हत्यारं त्याइनं डब्यात घालून मले आणून देली. मी ते वापरतो. त्याच कानशीनं मी एक बोनट केला, आन ग्रुपवर लोकाइनं वाहवा केली. मले आनंद झाला. झाला, खोटं काहून बोलू?

संगीता राखीले आली, तर म्हणे माही जीप कुठं आहे? तिलेही मी तेच सांगितलं, पुट्टी कच्ची होती. तिनं जाऊन काकाजीची समजूत काढली, जाऊ द्या काकाजी, वय झालं, एवढं केलं तेच लय झालं. मी दारात उभा राहून ऐकत होतो.

सांगाले गेलो नाही असं नाही. एकदा गेलतो. अगदी ठरवून. काकाजी ओट्यावर बसले होते, बाजूले जागा देली. मी म्हटलं, काकाजी, त्या जीपचं. पुढं काही बोलाच्या आधी त्याइनंच माह्या मांडीवर हात ठेवला. म्हणे, दुसरा असता तर म्हाताऱ्याचं मन राखाले खोटं बोलला असता. तू तोंडावर खरं सांगितलं, हे मले आवडलं. मग चहा आला. मी चहा पेलो आन घरी आलो.

रविवारी विहारात आमी बाजूबाजूले बसतो. पंचशील म्हणतानी चौथं शील येते, खोटं न बोलण्याचं. काकाजी ते खड्या आवाजात म्हणतेत, आन मी नुसते ओठ हलवतो. लोकाइले वाटते, याचा आवाजच बारीक आहे.

यंदा काकाजीचे उरलेले दात काढले. माप माह्याच लॅबात आलं. मी तीनदा हात धुतले, उघड्या हातानं मळलं, प्रत्येक दात कितीदा तरी बसवून पाहिला. इतकी चांगली कवळी मी कोणाची केली नाही. फिट बसली. आता काकाजी विहारात चार लोकाइले तोंड उघडून दाखवतेत. म्हणतेत, मिलिंदच्या हाताले तोड नाही, माहं काम बिघडलं तेव्हा यानंच मले माही चूक दाखवली. आन हसतेत, आन मी केलेले दात मले दिसतेत. मीही हसतो. दुसरं काय करतो?

खोकं माह्या कपाटात आहे, सात नावांच्या कागदात गुंडाळलेलं. परवा काढलं. प्लास्टिकच्या कडा पार गेल्या आहेत, जाळ्यांच्या जागी नुसता गोळा आहे. पण कोपऱ्याइवर जिथं जिथं काकाजीनं पुट्टी भरली होती, तिथं थिनरचं काही चाललं नाही. मी नखानं दाबून पाहिलं. मग त्याइच्याच सुरीचं टोक लावून पाहिलं. ओरखडाही उठला नाही.

पुट्टी पक्की होती.