निशाणी : दारावरची बेल

“दुपारी अडीचला बेल वाजवणाऱ्याला मत देतं का कोणी? आधी घरी जाऊन झोपा, मग देश चालवा!”

हे माझे काका, बनियनवर, दारात उभे. समोर जिन्यात गळ्यात उपरणी घातलेले कार्यकर्ते. आवाज असा लागला होता की आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले पारवे उडाले ते थेट सदाशिव पेठेत जाऊन बसले, आणि तिथेही कोणाची तरी झोप मोडलीच.

त्या लोकसभेला पक्ष उदंड होते. एकाचे दोन झालेले, दोनांचे चार, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, की मूळचे ते आम्हीच. काका जेवून आडवे झाले रे झाले की बेल. मूळचे जिना उतरायचे तेव्हा खरे मूळचे चढत असायचे. मधल्या वळणावर एकमेकांना ‘जेवलात का’ विचारायचे. गेल्या खेपेला एकाच पक्षात होते ना.

शेवटी काकांनी स्वतःच अपक्ष म्हणून अर्ज भरला. जाहीरनामा एका ओळीचा : दुपारी एक ते चार या देशात कोणीही बेल वाजवू नये. चिन्ह म्हणून त्यांनी खाट मागितली, ती नसेल तर उशी. खाट एका अपक्षाने पळवली, उशी दुसऱ्याने. निवडणूक कार्यालयातल्या बाईंनी उरलेल्यातलं एक चिन्ह काकांच्या नावापुढे लिहून टाकलं : दारावरची बेल. काका तिथल्या तिथे माघार घ्यायला निघाले. पण चिन्हं वाटतात तीच मुळी माघारीची मुदत संपल्यावर.

प्रचार माझ्या गळ्यात पडला. बेल दाबू नये हे सांगायला आधी बेल दाबावी लागायची. एका आजोबांनी तर दार न उघडता आतूनच विचारलं, “म्हणजे बेल दाबू नये, म्हणून बेलचं बटण दाबायचं. इतकं जमतंय तर पक्षच का नाही काढत?” आणि इकडे रोज भर दुपारी मूळचे आणि खरे मूळचे मिळून काकांची बेल दाबायचे. काका फणफणत बाहेर आले की नम्रपणे सांगायचे, तुमची निशाणी चालते का बघतोय.

उमेदवारांची यादी नऊवारी झाली होती. एका यंत्रात मावेना म्हणून शेजारी दुसरं जोडलेलं, आणि त्याच्या तळाशी, ‘यांपैकी कोणी नाही’च्या डोक्यावर काका. निवडून येणार नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण मतदानाच्या आदल्या दिवसापासून त्यांना एकच घोर लागला होता : काकू मत देईल का? विचारायची सोय नव्हती. काकूने प्रचारभर चहा सगळ्याच पक्षांना दिला होता.

मतमोजणीला त्यांचा प्रतिनिधी म्हणून मीच जाऊन बसलो. आमच्या बूथचं यंत्र उघडलं. बेलपुढे आकडा एक.

संध्याकाळी अख्खी सोसायटी सांत्वनाला लोटली. सेक्रेटरींनी काकांचा हात हातात घेऊन सांगितलं, ते एक मत माझं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी हलक्या आवाजात तेच सांगितलं, त्यांच्या यजमानांनी जरा मोठ्या आवाजात. मीही सांगितलं, वेळ तशी होती. त्या एका मतावर त्या दिवशी काका थेट पंतप्रधान झाले असते.

सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर काका शांतपणे म्हणाले, “ते मी स्वतः दिलंय.”

मग कोणाला गॅसवरचं दूध आठवलं, कोणाला क्लासला सोडलेली मुलगी. खोली भसकन रिकामी झाली. काका काकूकडे वळले. ती मेथी निवडत होती.

“अगं, त्यांचं सोड. तू का नाही दिलंस?”

काकूने मेथीवरची नजर न उचलता सांगितलं, “दिल्लीचं पाणी तुम्हाला बाधतं.”